गोधडी, पिशवी आणि बाळंतविडा : हातशिवणीचा उपयुक्त छंद

छंद म्हटला म्हणजे पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, छायाचित्रण किंवा फार तर बागकाम अशी एक यादी आपल्या मनात तयार असते. सुईदोऱ्याचे नाव त्या यादीत सहसा येत नाही. त्याचे कारण उघड आहे. शिवण हे पिढ्यान्‌पिढ्या घरातील स्त्रियांचे काम मानले गेले. आणि जे काम करावेच लागते त्याला छंद कोण म्हणणार? फाटलेल्या लुगड्याला ठिगळ लावणे, जुन्या धोतरांची वाकळ भरणे, नातवासाठी दुपटे शिवणे ही कामे संसाराच्या हिशेबात कधी मांडली गेली नाहीत, आणि कलेच्या हिशेबात तर त्याहून नाहीत. आता तयार रजया व ब्लँकेटे गावच्या बाजारातही मिळू लागली आहेत आणि शिवण ही गरज राहिलेली नाही. गरज संपली की कौशल्य दोनपैकी एका वाटेने जाते. ते विसरले जाते, किंवा आवडीने जोपासले जाते. गोधडी, पिशवी आणि हाताने केलेली लहानमोठी भेट यांच्या बाबतीत दुसरी वाट कशी धरता येईल, हे या लेखात पाहावयाचे आहे.

कोसबाडच्या टेकडीवर

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात कोसबाड हे गाव आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्यालगत चिकूच्या वाड्या, पूर्वेला वारली आणि इतर आदिवासींचे पाडे, व मध्ये ही टेकडी. कोसबाडचे नाव महाराष्ट्रभर झाले ते पद्मभूषण ताराबाई मोडक आणि पद्मश्री अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कार्यामुळे. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडला आले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी ‘विकासवाडी’, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावर भरणारी कुरणशाळा, आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळाच पाड्यावरील अंगणात नेणारी अंगणवाडी हे प्रयोग याच परिसरात झाले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

शिवणकामाच्या लेखात बालशिक्षणाचा विषय कशाला, असे वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर त्या बालवाड्यांच्या साधनांत आहे. मॉंटेसोरी पद्धतीची मूळ साधने महाग असत. बटणे लावणे, नाडी बांधणे यांचा सराव व्हावा म्हणून या पद्धतीत कापड ताणून बसविलेल्या लाकडी चौकटी असतात. डोळे बांधून केवळ स्पर्शाने सुती, रेशमी, लोकरी कापड ओळखण्याचा खेळ असतो. परदेशी बनावटीची अशी पेटी पाड्यावरच्या बालवाडीला परवडणे शक्यच नव्हते. तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून, शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून, साधने तयार करण्याचा मार्ग ताराबाईंनी व अनुताईंनी स्वीकारला. जवळ जे आहे त्यातून हवे ते करावयाचे, पण त्यात ढिसाळपणा ठेवावयाचा नाही, ही त्या साधनांमागची दृष्टी होती. शिंप्याच्या दुकानातील कातरण पाहताना हीच दृष्टी उपयोगी पडते. चिंचोके भरून शिवलेली हाताएवढी पिशवी, चिंध्यांची बाहुली, सहा रंगांच्या तुकड्यांचा चेंडू ही बालवाडीची साधने आहेत आणि हौशी माणसाच्या शिवणाचे पहिले धडेही आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गोधडी ही गरिबीची कला आहे असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. गोधडी शिवण्यासाठी घरात आधी जुने कापड साठावे लागते. ज्या घरी अंगावरच्या वस्त्राखेरीज दुसरे वस्त्र नाही, तेथे वाकळ कोठून येणार? १९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागांत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचे आंदोलन झाले. त्याचा वृत्तांत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. त्या काळच्या आदिवासी शेतमजुराचे दारिद्र्य त्यातून कळते. अशा घरांत थंडीच्या रात्री आधार असे तो शेकोटीचा. म्हणून गोधडीकडे पाहताना तिच्यातील ठिगळांबरोबरच, ते प्रत्येक ठिगळ कोणीतरी जपून ठेवले होते, हेही ध्यानात घ्यावे. देशावरच्या शेतकऱ्याच्या घरी गोधड्यांची चळत असे. या किनारपट्टीवर तशी परंपरा शोधत बसण्यापेक्षा येथे आता जे कापड हाती येते त्यापासून काय करता येईल, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

वाकळ, कौदी, कंथा

एकावर एक कापडाचे थर ठेवून त्यांतून धावदोरा घालण्याची रीत भारताच्या बहुतेक भागांत आहे. आपल्याकडे तिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी केलेले लहान, मऊ रूप म्हणजे दुपटे. बेळगाव, विजापूरकडे कौदी हा शब्द ऐकू येतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागांत राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंद’ शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर रंगीत त्रिकोणी तुकड्यांची ‘फुला’ बसविल्याखेरीज त्या ती पुरी झाली असे मानत नाहीत. बंगालचा कंथा, बिहारची सुजनी, कच्छ आणि राजस्थानची राली ही याच कुळातील भावंडे. जुन्या साडीच्या काठातून काढलेल्या रंगीत दोऱ्यांनी कंथ्यावर वेलबुट्टी भरण्याची चाल होती, म्हणजे कापडही जुने आणि दोराही जुना. ‘कन्था’ हा शब्द संस्कृतात ठिगळांच्या वस्त्रासाठी आहे, आणि ते वस्त्र विरक्तांनी मानाने पांघरले. महाराष्ट्रात संत गाडगेमहाराजांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, ते त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळेच.

परदेशांतही हा प्रकार अनोळखी नाही. जपानातील शेतकरी व कोळी कुटुंबे ठिगळावर ठिगळ देऊन वापरीत असलेली ‘बोरो’ वस्त्रे आज संग्रहालयांत ठेवलेली आहेत. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्यांचे २००२ साली मोठे प्रदर्शन भरले, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. ज्या बायांनी त्या शिवल्या त्यांनी त्या थंडी निवारण्यासाठी शिवल्या होत्या. कला म्हणून त्यांची ओळख पटण्यास जगाला बराच काळ लागला. आपल्याकडेही गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. हे काम आणखी व्हावयास हवे. कारण गोधडीवर शिवणारीचे नाव कधीच नसते.

गोधडी कशी भरावी

प्रथम कापड. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड सर्वांत उत्तम. सुती साडी, धोतर, चादर, पंचा, सदरा हे सारे चालते. हल्ली घरात साठणाऱ्या साड्या बव्हंशी कृत्रिम धाग्यांच्या असतात. त्या टिकाऊ असतात. पण घाम शोषत नाहीत, सुईखाली सरकतात आणि विस्तवाजवळ धोकादायक ठरतात. त्या वापरावयाच्याच असतील तर पिशव्यांसाठी वापराव्यात, अंथरुणासाठी नव्हे. तान्ह्या मुलाच्या दुपट्याला तर त्या मुळीच लावू नयेत. शिंप्याकडील नवी कातरण वापरताना ती आधी रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावी. म्हणजे खळ निघून जाते आणि कापड आटावयाचे तेवढे आधीच आटते. लाल, निळे गडद तुकडे ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावेत. रंग जात असेल तर तो तुकडा बाजूला ठेवलेला बरा. एका कच्च्या रंगाच्या चिंधीने सारी गोधडी बिघडल्याची उदाहरणे पुष्कळ घरांत सापडतील.

मापाचा हिशेब सोपा आहे. सहावारी साडीची लांबी सुमारे साडेपाच मीटर असते. तिची तिहेरी घडी घातली की सुमारे सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे तीन थर मिळतात. दोन साड्यांचे सहा थर होतात. थंडीसाठी तेवढे पुरे. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास असते; त्याची चौपदरी घडी दोन मीटरांहून थोडी अधिक लांब भरते. डहाणू-तलासरीसारख्या दमट हवेच्या भागात चार थरांहून जाड गोधडी करू नये असे आमचे मत आहे. जाड गोधडी पावसाळ्यात वाळत नाही, आणि न वाळलेल्या गोधडीला बुरशी धरते. घाटावरच्या कोरड्या थंडीत आठ थरही सुखाचे वाटतात. वापरणारा कोठे राहतो हे भेट देण्यापूर्वी विचारून घ्यावे ते यासाठी.

वरचा आणि खालचा थर अखंड कापडाचा असावा, किंवा तुकडे जोडून आधी एकसंध करून घ्यावा. आतल्या थरांत लहानमोठ्या चिंध्या चालतात. मात्र त्या एकमेकींवर चढवून ठेवू नयेत, फरशा बसवाव्यात तशा कडेला कडा भिडवाव्यात. नाही तर त्या जागी गाठी लागतात आणि झोपणाऱ्याला टोचतात. झाडलेल्या सपाट जमिनीवर सर्व थर पसरून कोपऱ्यांवर वजन ठेवावे आणि तळहाताने सुरकुत्या बाहेर साराव्यात. त्यानंतर लांब लांब कच्चे टाके घालावयाचे. हे टाके मध्यापासून कडेकडे घालावेत. असे केले म्हणजे आतला ढिलेपणा कडेकडे सरकतो आणि कापताना निघून जातो. कडेकडून मध्याकडे कच्चे टाके घातले तर सारा झोळ मध्यभागी साठतो आणि तेथे फुगा येतो. तो फुगा पुढे कोणत्याही उपायाने जात नाही.

कच्चे टाके झाल्यावर कडा दुमडून तुरपाव्यात, किंवा वेगळ्या रंगाच्या पट्टीने बांधाव्यात. मग पक्का धावदोरा. आपल्याकडील रीत कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घालीत मध्याकडे जाण्याची. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपासून बोटभर अंतरावर. कोपऱ्यावर वळताना एक टाका अगदी कोपऱ्यात पडावा. तो चुकला की पुढच्या सर्व फेऱ्यांचे कोपरे गोल होत जातात. दोरा सुती, दुपदरी आणि हातभर लांबीचा घ्यावा. त्याहून लांब दोरा गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढला गेल्याने झिजतो. दोऱ्यावर मेणाचा तुकडा एकदा फिरवावा. गाठ वर दिसू देऊ नये. ती ओढून थरांच्या मध्ये दडवावी. मधल्या बोटात अंगुस्तान घालण्याचा कंटाळा नवशिके करतात, आणि दुसऱ्या दिवशी बोट दाखवितात.

टाके मोजून समान घातलेच पाहिजेत असा आग्रह मात्र धरू नये. यंत्राचे टाके समान असतात. हाताचा टाका थोडा तिरपा, थोडा लहानमोठा पडतो आणि त्या किंचित फरकामुळेच गोधडीला ती लाटांसारखी सुरकुती येते. पहिल्या गोधडीचे टाके एका बाजूने मोठे आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतात. शिवता शिवता हात बसत गेला, याची ती नोंदच असते.

किती टाके, किती दाम

सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडी घ्या. फेऱ्यांमध्ये एक इंच अंतर आणि इंचाला चार टाके धरले तर धावदोऱ्याची एकूण लांबी ३,४५६ इंच, म्हणजे जवळजवळ अठ्ठ्याऐंशी मीटर, आणि टाके १३,८२४ भरतात. हात बसलेली बाई मिनिटाला दहा टाके घालते असे धरले तरी केवळ धावदोऱ्याला तेवीस तास लागतात. कापड निवडणे, धुणे, जोडणे, कच्चे टाके आणि कडा यांचा वेळ निराळा. आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवसांची मजुरी निव्वळ टाक्यांची झाली.

हा हिशेब मुद्दाम मांडला आहे. शहरातील प्रदर्शनात हाताने भरलेली गोधडी पाहून, ‘जुन्याच कापडाची तर आहे, एवढी किंमत कशाची?’ असे विचारणारे ग्राहक भेटतात. किंमत कापडाची नसतेच, तेवीस तासांची असते. घरी छंद म्हणून शिवणाऱ्याने हे तास मोजू नयेत, नाही तर छंदाची मजा जाईल. पण जी बाई हीच वस्तू चरितार्थासाठी शिवते तिच्याशी घासाघीस करताना ते अवश्य मोजावेत. हौसेने शिवणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. आपल्याला पैशांची निकड नाही म्हणून मिळेल त्या दराने आपल्या वस्तू विकू नयेत. त्यामुळे शेजारच्या गटातील स्त्रियांचा दर पडतो. द्यावयाची तर भेट द्यावी, विकावयाची तर पुऱ्या दामाने विकावी.

विक्रीच्या मार्गाला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी व्यवस्था आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करीत आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून, म्हणजेच ‘उमेद’मधून, गावोगावी स्वयंसहाय्यता गट उभे राहिले आहेत, आणि त्यांच्या मालासाठी ‘महालक्ष्मी सरस’सारखी प्रदर्शने भरतात. कोसबाडला कृषी विज्ञान केंद्रही आहे. एकट्याने शिवण्यापेक्षा चौघींनी मिळून शिवण्याचा लाभ व्यापारात आहेच; शिवाय गोधडी हे मुळातच चौघींनी चार बाजूंना बसून भरण्याचे काम आहे. गप्पा आणि टाके दोन्ही सारख्याच वेगाने पुढे जातात.

पिशवी

गोधडीला महिना लागतो, पिशवी एका दुपारी होते. म्हणून नवशिक्याने पिशवीपासून आरंभ करावा.

मराठीत पिशवीच्या प्रकारांना किती नावे आहेत पाहा. खांद्यावर टाकून पुढेमागे लोंबणारी दुतोंडी पडशी, पानसुपारीची कप्प्याकप्प्यांची चंची, पैशांचा कसा, दोरीने आवळला जाणारा बटवा, भिक्षेची झोळी, बाजाराची थैली. प्रत्येक नावामागे एक निराळी शिवण आहे. त्या सर्व शिवणी पॉलिथिनच्या एका पातळ पिशवीने विस्मरणात घातल्या, आणि पुढे त्या पिशवीवरच बंदी आणावी लागली. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. देशपातळीवरही १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंना मनाई झाली. बंदीने जी जागा रिकामी केली ती कापडी पिशवीची आहे. ती भरण्यासाठी प्रत्येकाच्या घरी जुनी विजार किंवा चादर असते.

बाजारासाठी चाळीस सेंटिमीटर रुंद आणि नव्वद सेंटिमीटर लांब असा जाड कापडाचा एक तुकडा घ्यावा. मध्ये दुमडला की तळाला जोड येत नाही, आणि सर्व भार तळावरच असतो. दोन्ही बाजू आधी सुलटीकडून बारीक शिवून घ्याव्यात, मग पिशवी उलटी करून तीच कड पुन्हा शिवावी. म्हणजे कापडाच्या सुटणाऱ्या कडा दोन शिवणींच्या मध्ये बंद होतात. तळाचे दोन कोपरे आतून त्रिकोणी चिमटीत धरून आडवे शिवले तर पिशवीला बूड येते आणि ती जमिनीवर उभी राहते. पिशवी फाटते ती बहुधा बंदांच्या जागी. बंद केवळ कडेला टाचू नयेत. ते चार बोटे खाली उतरवावेत, तेथे आतून कापडाचा एक जास्तीचा तुकडा ठेवावा आणि चौकोन शिवून त्यात फुली घालावी. ही शिवण उलट्या टीपेने, म्हणजे प्रत्येक टाका अर्धा मागे घेऊन घालावी. पाच किलो कांदे भरून पाहिल्याखेरीज पिशवी कोणाला भेट देऊ नये.

डहाणू भागात पिशवीवर नक्षी म्हटली की वारली चित्र आलेच. गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घातला की तांदळाच्या पिठीने रेखाटलेल्या चित्रांचा काहीसा भास होतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड होते. गोल म्हणजे डोके. आणि हातपाय तर मुळातच रेषा, त्या टाक्यांनी सहज येतात. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि या चित्रांना जगभर मान मिळाला. पण ही चित्रे मुळात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सुवासिनी काढीत. लग्नचौक आणि त्यातील पालघट देवी यांना पूजेचे स्थान आहे. नाचणारी माणसे, ताडाची झाडे, मोर, बैल, भातलावणी ही चित्रे पिशवीवर खुशाल भरावीत. चौक मात्र बटाट्याच्या पिशवीवर शोभत नाही. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेली आहे. स्वतःच्या हौसेसाठी चार आकृत्या भरणे वेगळे आणि त्या नावाने माल विकणे वेगळे. विक्री करावयाची असल्यास ज्यांची ही कला आहे त्यांच्याकडूनच चित्र करून घ्यावे व त्याचे मोल द्यावे.

हातची भेट

महाराष्ट्रात हाताने शिवून भेट देण्याच्या दोन ठरलेल्या वेळा आहेत. एक रुखवताची, दुसरी बाळंतविड्याची. रुखवतात हल्ली विकत आणलेल्या वस्तूच अधिक दिसतात. बाळंतविडा मात्र अजून बराचसा घरचा राहिला आहे. झबली, टोपडी, कुंची, लाळेरी, लंगोट, दुपटी या सर्व वस्तू आजीच्या किंवा मावशीच्या हातच्या असतात. नव्या कापडापेक्षा वापरून मऊ झालेले कापड बाळाच्या अंगाला सुखाचे, ही समजूत अनुभवाची आहे. दुपटे तीन फूट चौरस असावे, आणि दोन किंवा तीन थरांहून जाड नसावे. त्यावर बटणे, टिकल्या, मणी लावू नयेत. मूल हाताला येईल ते तोंडात घालते. लाळेऱ्याला लांब नाड्या नकोत, मागे सहज सुटेल असा आखूड बंद पुरतो. कुंचीला मात्र थोडी हौस क्षम्य आहे. खणाचे कापड, काठाची झालर आणि आत मऊ सुती अस्तर असले की तिची शोभा पाहण्यासारखी असते.

मोठ्यांसाठीही लहान भेटी अनेक आहेत. बटवा त्यांत पहिला. वरची कड दुमडून नेफा करावा आणि त्यातून दोन नाड्या दोन विरुद्ध बाजूंनी ओवाव्यात. एकच नाडी ओवली तर बटव्याचे तोंड एका अंगाला ओढले जाते. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंब भरलेली तळहाताएवढी पुडी कपड्यांच्या ट्रंकेत ठेवता येते. भातुकलीसाठी कापडी भाज्या आणि फळे शिवावीत. डहाणू-घोलवडच्या चिकूलाही २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, तेव्हा तपकिरी कापडाचा चिकू येथल्या मुलांच्या टोपलीत असलाच पाहिजे. सफरचंदे पुस्तकांतून पुष्कळ दिसतात. वृद्धांसाठी गुडघ्यावर घेण्याची लहान गोधडी फार उपयोगी पडते, आणि तिच्यात त्यांच्याच घरातील जुन्या कपड्यांचे तुकडे घातले तर पाहुण्यांना सांगण्यासाठी त्यांना एक विषयही मिळतो.

शाळांत पूर्वी कार्यानुभवाच्या तासाला रुमालाची कड तुरपणे, काजे करणे, बटण लावणे शिकवीत, आणि बहुतेक ठिकाणी ते मुलींपुरतेच राही. बटण मुलांच्या सदऱ्याचेही तुटते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची व स्थानिक कारागिरांकडून काही शिकण्याची कल्पना मांडलेली आहे. दप्तर नसलेल्या त्या दिवसांत मुलामुलींनी दप्तरच शिवावयास घेतले तर विषय अगदी जुळून येईल. सुई हाती देण्याचे वय साधारण सात-आठ वर्षे धरावे. आरंभी बोथट सुई, मोठ्या विणीचे गोणपाट आणि रंगीत दोरा द्यावा, आणि वर्ग सुटताना सुया मोजून घ्याव्यात.

जपणूक

गोधडी रोज धुण्याची वस्तू नाही. वर्षातून दोनदा, वाहत्या किंवा भरपूर पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी. पिळू नये, दोघांनी दोन टोके धरून पाणी निथळू द्यावे आणि दोरीवर न टांगता सपाट खडकावर किंवा खाटेवर वाळवावी. ओल्या गोधडीचे वजन फार असते आणि टांगली तर टाके ताणून तुटतात. तुटलेला टाका दिसला की त्याच आठवड्यात भरून घ्यावा. मळलेल्या जुन्या गोधडीवर नव्या साडीचा थर घालून पुन्हा धावदोरा घालण्याची रीत जुनीच आहे. अनेक घरांतील एकेका गोधडीच्या पोटात अशा दोन-तीन गोधड्या असतात. शिवून झाल्यावर एका कोपऱ्यात आतल्या बाजूने शिवणारीचे नाव आणि साल दोऱ्याने भरावे. पावसाळा संपून दसऱ्याच्या आसपास उन्हे कडक झाली म्हणजे सगळ्या गोधड्या बाहेर काढून दोन दिवस दोन्ही बाजूंनी ऊन द्यावे, घडीत कडुनिंबाचा पाला घालावा, आणि मागच्या वर्षीची घडी जेथे होती ती जागा बदलून नवी घडी घालावी. कारण गोधडी जुनी होते ती बहुधा घडीच्या रेषेवरच विरते.